डावीकडचा डबा

पावसाळा सरता सरता बंधाऱ्याची दारं लावली की गोदावरीचं पाणी आमच्या ओढ्यात चढतं. मग गाव एका काठाला आणि आमचं शेत दुसऱ्या. पुलावरून गेलं तर निम्मी सकाळ चालण्यातच जाते. म्हणून मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सोनपेठकडच्या एका मासे धरणाऱ्याकडून जुनी पत्र्याची होडी आणली. लांबीला बरी होती, पण इतकी अरुंद की एकामागं एकच बसता यायचं. श्वास जोरात घेतला तरी हलायची.

मला पोहता येत नाही. माझ्या थोरल्या जावेलाही येत नाही. तिला मी अक्का म्हणते. तिचा नवरा ऊसतोडीला गेला होता आणि कापूस वेचायला आम्ही दोघीच होतो.

पहिल्याच दिवशी मी होडीच्या काठावर पाय दिला आणि ती माझ्या अंगावर पालथी झाली. पाणी कमरेइतकंच होतं, पण पाय गाळात रुतला आणि डोक्यावर पत्रा. डोळे उघडले तर नुसतं मातकट. कुठं वर आणि कुठं खाली, कळेना. मालकांनी केसांना धरून मला ओढून काढलं. क्षणभराचीच गोष्ट होती, असं ते म्हणतात. मला ती तेवढी छोटी वाटली नाही. पुढं कितीतरी दिवस तोंड धुताना डोळ्यांवर पाणी आलं तरी माझी छाती धडधडायची.

मी सांगून टाकलं, "मला न्हाई बसायचं त्यात. कापूस गळून गेला तरी चालंल."

मालकांनी होडी काठावर ओढून पालथी घातली. तेही घाबरले होते, हे मला त्यावरून कळलं.

माझ्या माहेरी विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला रिकामा डबा बांधत. तो त्यांना बुडू देत नसे. होडीलाही तसे डबे बांधता येतील का, असं मी विचारलं. मालकांनी गोठ्यातले दोन लांब बांबू काढले आणि होडीवर आडवे बांधले, एक पुढं, एक मागं. बांबूंची टोकं दोन्ही अंगांना हातभर बाहेर राहिली. टोकांना घट्ट झाकणाचे मोठे प्लास्टिकचे डबे बांधले. आधी ते खोल बसले आणि होडी पुढं सरकेना. मग दोर आवळून पाण्याला जेमतेम टेकतील एवढे वर घेतले. भार खाली राहावा म्हणून तळाशी वाळूची पोती ठेवली. उथळ पाण्यात मालकांनी होडीच्या काठावर उभं राहून होडी जोरजोरानं हलवली. एका बाजूला कलली की त्या बाजूचे डबे पाण्यात दबायचे आणि तिला परत वर लोटायचे. होडी उलटली नाही.

अक्का म्हणाली, आता बसू. मी बसले, पण दोन्ही हातांनी बांबू धरून.

काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी कापसाचं गाठोडं घेऊन परतताना मधोमध वारा सुटला. लाटा आडव्या यायला लागल्या. होडी डावीकडं कलली आणि या वेळी सरळ झाली नाही. मी डावीकडं पाहिलं. पुढचा डबा वर येतच नव्हता. झाकणातून बुडबुडे निघत होते.

"डावा डबा भरायलाय," मी म्हणाले.

अक्का उठायला लागली. तिच्या हिसक्यानं पाणी काठावरून आत आलं. माझ्या पायाला त्याचा गारवा लागला आणि पुन्हा ते मातकट पाणी डोळ्यांपुढं आलं. मलाही उठून पळावंसं वाटलं, पण पळणार कुठं?

मालकांनी वल्हवणं थांबवलं. आवाज न चढवता म्हणाले, "वहिनी, उभ्या राहू नका. दोघी बी तळाला बसा. हळूहळू उजवीकडं सरका."

मी अक्काचा पदर धरून तिला खाली ओढलं. आम्ही बसूनच सरकलो, गाठोडंही उजवीकडं ढकललं. उजवे डबे दबले, होडी थोडी सावरली. मालक एकेक वल्हं मारत राहिले. अक्काचा हात माझ्या दंडावर इतका रुतला होता की वळ उठले. काठ दिसत होता, जवळ येत नव्हता. शेवटी तळ गाळाला घासला, तरी आम्ही दोघी कितीतरी वेळ उतरलोच नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी एकाच्या जागी दोन-दोन डबे बांधले आणि झाकणांखाली ट्यूबचं रबर बसवलं. तेव्हापासून होडीनं दगा दिलेला नाही. तरी मी दर खेपेला आधी प्रत्येक झाकण हातानं दाबून बघते, मगच पाय टाकते.

अक्का मात्र पुन्हा बसली नाही. ती अंधारातच निघते आणि पुलावरून चालत येते. शेताच्या काठावर उभी राहून माझी वाट बघते. मी उतरून जमिनीवर पाय टेकेपर्यंत ती वेचणीची ओटी कमरेला बांधत नाही, की कापसाला हात लावत नाही.