पाठीवरची चिठ्ठी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांइतका एका प्रथिनावर जीव लावणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले, शिकवणं काही निवृत्त झालं नाही. त्या प्रथिनाचं नाव पी-त्रेपन्न. ते प्रत्येक पेशीत पहारा देतं, पेशी बिघडली की तिची वाढ थांबवतं आणि दुरुस्त होईना तर तिला मरायला लावतं. एक विषाणू मात्र या पहारेकऱ्यालाच उडवतो, मग बिघडलेल्या पेशी मोकाट वाढतात आणि कॅन्सर होतो. हे सगळं मला, दूधवाल्याला आणि गंगाखेडच्या बसच्या दोन कंडक्टरांना तोंडपाठ होतं.

सकाळी गल्लीत कचऱ्याची घंटागाडी आली की सरांचा तास सुरू. "विषाणू लय हुशार, ताई," ते सांगत. "तो स्वतः पहारेकऱ्याला मारीत नाही. त्याचं ई-सहा नावाचं प्रथिन आपल्याच पेशीतल्या एका कामगाराला फितवतं. तो कामगार पहारेकऱ्याच्या पाठीवर 'भंगार' अशी चिठ्ठी डकवतो, आन् पेशीतली घंटागाडी त्याला उचलून नेती." प्रात्यक्षिकासाठी सरांच्या खिशात मागे डिंक लावलेल्या चिठ्ठ्या कायम असत. एकदा तशी चिठ्ठी पाठीवर घेऊन माझे यजमान ऑफिसात गेले. दुपारी साहेबांनी ती वाचली आणि हे मत घरचं आहे का, असं विचारलं. सर संध्याकाळी माफी मागायला खाली आले आणि माफी मागता मागता पुन्हा सगळी गोष्ट सांगून गेले.

एवढा बोलका माणूस, पण भारी लाजाळू. गच्चीवर कुणी बाई कपडे वाळत घालत असली तर हे खालच्या पायरीपासून खोकत यायचे. वर्गात प्रजननाचा धडा आला की म्हणे फळ्याकडे तोंड करून शिकवत आणि अर्धा धडा घरी वाचायला देत. मी एकदा सहज विचारलं होतं, की सर, हा कॅन्सर होतो कुठं? सरांनी पंख्याकडे बघत "पेशींत" असं सांगितलं आणि पेपर घडी करून वर निघून गेले. मी हसले आणि विसरून गेले. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

सरांना लहानाचं मोठं केलं ते राणीसावरगावच्या अक्कांनी, त्यांच्या थोरल्या बहिणीनं. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की अक्का ती गोष्ट ऐकत. पुढं पुढं त्या सरांपेक्षा झकास सांगायला लागल्या, आणि फितूर कामगाराला त्यांनी गावातल्या एका खऱ्या माणसाचं नाव देऊन टाकलं होतं.

पाळी बंद होऊन कितीतरी वर्षं झाल्यावर अक्कांना पुन्हा अंगावरून जायला लागलं. उष्णतेनं असेल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही, भावाला तर नाहीच. परभणीला आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. घरात दुसरी बाई नाही म्हणून दवाखान्यात मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे, विषाणूमुळे होतो, वेळेवर तपासणी झाली असती तर आधीच कळलं असतं. अक्कांना सगळं कळलं. सर दाराशी उभे होते.

"बापू, त्योच का रे, चिठ्ठी डकवणारा?" अक्कांनी विचारलं. सरांनी होकारार्थी मान हलवली.

"मला वाटायचं, बिड्या वढणाऱ्या गड्यांचं दुखणं हाय," अक्का म्हणाल्या. "गोष्ट समदी सांगितलीस. कुठं होतंय तेवढं सांगितलं न्हाईस."

आवाजात राग नव्हता. तो असता तर सरांना सोपं गेलं असतं, असं मला वाटतं. पुढच्या भाऊबीजेला अक्का नव्हत्या.

त्यानंतर घंटागाडी येई आणि तशीच निघून जाई. एका सकाळी सरांनी आमची कडी वाजवली. कान लाल झालेले, नजर उंबऱ्यातल्या चपलांवर. तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यासारखे एकेक शब्द सुटा करत ते म्हणाले, "ताई, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घेतली का?" मी दुसऱ्याच दिवशी जाऊन आले. काही निघालं नाही. ते ऐकून सरांनी फक्त डोळे पुसले.

आता ते गल्लीत घरोघर हेच एक वाक्य विचारतात. कुणी दार लावून घेतं, कुणी मागून हसतं. खिशात चिठ्ठ्या नसतात. मी एकदा म्हटलं, सर, ती पहारेकऱ्याची गोष्ट पुन्हा सांगा ना. म्हणाले, "तुम्हाला पाठ हाय, ताई. तुमीच सांगत जा."

म्हणून हळदीकुंकवाला, भिशीला मी ती सांगते, आणि सुरुवात 'गर्भाशयाचं तोंड' या शब्दांपासूनच करते. बायका ऐकतात. पण अक्कांसारखी काही रंगत नाही.