नाकाला तीन मार्क

कुरुळीत कुणाला भारीतली बाटली घ्यायची असली, मग ती हळदीच्या पार्टीला असो की कंपनीतल्या साहेबाला खूश करायला, लोक एकच सांगायचे, "कुलदीपला विचार." दुकानदाराला विचारून उपयोग नव्हता, तो आपला पडून राहिलेला माल गळ्यात मारणार. कुलदीप खरं सांगायचा. ग्लास नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा, आणि समोरची मोठमोठी माणसं परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखी गप्प बसायची.

त्याची मार्क द्यायची पद्धत सगळ्यांना पाठ होती. दहापैकी नाकाला तीन, जिभेला तीन, घशाला दोन आणि उरलेले दोन आपल्या मर्जीचे. "नाकात नापास झाली ना राव, तर तोंडात घ्यायची गरजच न्हाई," तो म्हणायचा. "सरळ ओतून टाकायची." आणि ओतूनही टाकायचा. एकदा एका बिल्डरनं मोठ्या कौतुकानं आणलेली बाटली त्यानं नुसती हुंगली, यात काहीतरी मिसळलंय म्हणाला आणि झाकण लावून परत दिली. बिल्डरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो किस्सा शेजारच्या निघोजे गावापर्यंत गेला.

नाक त्याचं लहानपणापासूनच तिखट. वडिलांच्या म्हशी होत्या, चाकणला दूध जायचं. कॅनचं झाकण उघडलं की हे पोरगं सांगायचं, आज कडब्याला बुरशी लागली होती. पुढं जमीन कंपनीला गेली, भिंत उभी राहिली, म्हशी विकल्या. उरलेल्या तुकड्यावर वडिलांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या. कुलदीप काही वर्षं एका कंपनीत स्टोअरला होता. मग घरबसल्या भाडं येतंय तर साहेबाची बोलणी कशाला खायची म्हणून ती नोकरीही सोडली. झालं. धडधाकट माणूस, दिवसभर करायला काही नाही. कुणी विचारलं, काय करता, तर सांगायला शब्द नाही. खोल्यांचं भाडं घेतो, हे काय सांगणं झालं? पण व्हिस्कीचा ग्लास हातात आला की तो कुणीतरी असायचा.

आणि तेच नाक कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलं.

ताप उतरला, खोकला थांबला, आणि एके दिवशी बायकोनं, मंजुषानं, लसणाची फोडणी दिली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की चर्र आवाज आला, पण वास आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. लोकांचे आले. याचा नाही आला. महिने गेले, वर्षं गेली, व्हिस्की म्हणजे नुसतं घसा जाळणारं पाणी होऊन बसलं.

अरे, मग सांगायचं ना बाबा. आजारानं गेलं नाक, त्यात तुझा काय गुन्हा? पण नाही. माणसाकडं मिरवायला एकच गोष्ट असली की ती गेल्याचं तो जगाला कसं सांगणार? मंजुषा सोडून कुणाला कळू दिलं नाही यानं. एक युक्ती काढली. कुणी चाखायला बोलावलं की म्हणायचा, "आधी बाटलीचा फोटो पाठव, मूड बनवायला लागतो." मग रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर त्या बाटलीबद्दल परदेशातली माणसं काय बोललीत ते वाचायचं, पाठ करायचं, आणि दुसऱ्या दिवशी डोळे मिटून तेच बोलायचं. लोक माना डोलवायचे. मंजुषा म्हणायची, "अहो, एक दिवस तोंडावर पडाल." तो म्हणायचा, "दारूच तर हाय. कुणाचं काय वाकडं होतंय?"

दिग्विजय त्याचा निघोज्याचा दोस्त, शाळेत एका बाकावरचा. भोसरीला त्याचं स्प्रे पेंटिंगचं वर्कशॉप होतं. कुलदीपचं जसं नाक, तसे दिग्विजयचे डोळे. गिऱ्हाइकानं जुना पत्रा आणून टाकला की दिग्विजय उन्हात धरून एकदा बघायचा आणि रंग मिसळायला लागायचा. शेड चुकली असं कधी झालं नाही. दोघं एकमेकांची टिंगल करायचे. एकाला वास दिसत न्हाई, दुसऱ्याला रंग हुंगता येत न्हाई, असं म्हणून स्वतःच हसायचे.

तर गेल्या थंडीत दिग्विजयला एका मोठ्या कंपनीचं कायमचं काम मिळालं. गडी खूश. कुणा एजंटाकडून त्यानं अमेरिकेची बाटली मिळवली आणि शिरस्त्याप्रमाणं कुलदीपला फोटो धाडला. बर्बन नावाची व्हिस्की होती, आणि तीही साधी नव्हे, रमच्या पिंपात मुरवलेली. कुलदीपनं रात्री सगळं वाचून ठेवलं.

रविवारी दुपारी कुलदीपच्या गच्चीवर, पत्र्याच्या सावलीत दोघं बसले. खाली मंजुषा मटण करत होती. बाटली खोक्यात, खोकं कोरं, लेबल सरळ, झाकण घट्ट. दिसायला कुठं काही खोट नव्हती.

"ही मक्याची असती," कुलदीपनं सुरुवात केली. "आतनं जाळलेल्या नव्या पिंपात आधी मुरवतात. मग शेवटचे काही महिने ज्यात रम होती त्या जुन्या पिंपात ठेवतात. लोणच्याची जुनी बरणी असती ना आपली, तिच्यात नवं घातलं तरी जुन्याचा वास उतरतो. तसं."

दिग्विजयनं दोन ग्लासांत ओतली. आपला ग्लास नाकाशी नेला आणि जरा थबकला.

"कुलदीप, मला थिनरसारखा वास येतोय रे."

इथं खरं तर सगळं थांबायला हवं होतं. कुलदीपनं ग्लास उचलला, खोल श्वास घेतला. थंडगार हवा आत गेली, दुसरं काही नाही. आता काय सांगायचं? मला कळत नाही म्हणायचं? दिग्विजय त्याच्याकडं बघत होता, लहान पोरानं मास्तरांकडं बघावं तसा.

"तू दिवसभर थिनरमध्ये असतोस, तुला सगळीकडं तोच वास येणार," तो म्हणाला. "जाळलेल्या लाकडाचा उग्रपणा हाय तो. वरनं गूळ येतोय बघ. मागं मनुका. मुरलेल्या मालाचं लक्षण हाय हे, भावा. जरा वारा लागू दे."

"तू म्हणतोस म्हंजे असंल," दिग्विजय म्हणाला. "मार्क?"

"नाकाला तीन."

"पैकीच्या पैकी?"

"पैकीच्या पैकी. जिभेला दोन, घशाला दोन, मर्जीचा दीड. साडेआठ."

दिग्विजयचा चेहरा असा फुलला की जणू ते मार्क त्यालाच मिळाले. कुलदीपनं दोन घोट घेतले आणि ग्लास बाजूला ठेवला. चव कळेना झाल्यापासून त्याला पिण्यात गोडीच राहिली नव्हती, आणि लोक समजायचे की जाणकार माणूस बेतानंच पितो. दिग्विजय मात्र जेवणाआधी प्यायला, जेवताना प्यायला. त्याचा आनंदाचा दिवस होता, त्याला कोण अडवणार.

दुसऱ्या दिवशी कुलदीपचं डोकं ठणकलं, दोन उलट्या झाल्या, संध्याकाळपर्यंत तो बरा झाला. दिग्विजयचं तसं नव्हतं. सकाळी उठून तो बायकोला, तेजस्विनीला म्हणाला, एवढं धुकं कसं पडलंय घरात? पिंपरीच्या दवाखान्यात नेईपर्यंत त्याला धाप लागली होती. रक्त मशिनीतनं काढून धुतलं, जीव वाचला. डोळे गेले ते गेलेच. बाटलीत मिथेनॉल निघालं. अस्सल रिकामी बाटली भंगारातनं उचलायची, आत कारखान्यातलं स्पिरिट, रंग आणि इसेन्स भरायचा, असा तो धंदा होता. एजंटाला पोलिसांनी धरलं. कुलदीपलाही बोलावलं होतं. "दिसायला अस्सल होती साहेब," एवढंच तो बोलला, आणि तेवढं खोटं नव्हतं.

दवाखान्यात दिग्विजयचा मेव्हणा सगळ्यांदेखत म्हणाला, "हा म्हणं मोठा जाणकार. यानंच पास केली ना ती बाटली?" कुलदीपनं मान खाली घातली. तेव्हा कॉटवरनं दिग्विजय बोलला. डोळ्यांवर पट्टी नव्हती काही, उघडेच होते, पण भलतीकडंच बघत होते.

"कुलदीपवर बोट दाखवायचं न्हाई कुणी. ह्याच्या नाकाला जे कळलं न्हाई, ते कुणाच्या बापाला कळलं नसतं. आन् त्यानं बी प्यालीच की ती."

डॉक्टरही म्हणाले, मिथेनॉल वासावरनं ओळखता येत नाही. हे वाक्य कुलदीपनं कितीतरी दिवस उराशी धरून ठेवलं. पण मनातल्या मनात त्याला पक्कं ठाऊक होतं. विषाचा वास येत नसेल, खोट्या दारूचा येतो. कोरं स्पिरिट, वर इसेन्स. त्याचं नाक असतं तर पहिल्या श्वासाला नापास केली असती, ओतून टाकली असती मोरीत, आणि दोघांनी नुसतं मटण खाल्लं असतं.

मग तो रोज भोसरीला दिग्विजयच्या फ्लॅटवर जायला लागला. तेजस्विनी आता वर्कशॉप बघायची. गिऱ्हाइकांचे फोन यायचे म्हणून ती दिग्विजयचा मोबाइल बरोबर न्यायची, त्यामुळं कुलदीप गेला की आपला मोबाइल त्याच्या हातात द्यायचा. दिग्विजय मॅचची कॉमेंट्री लावून कानाशी धरून पडायचा. कुलदीप त्याला दाढीला बसवायचा, नखं कापायचा. रोज निघताना मंजुषा म्हणायची, "आज सांगा. तुमच्या तोंडून कळू दे त्यांना." रोज तो हं म्हणायचा आणि रोज मूग गिळून परत यायचा. लोक म्हणत, दोस्त असावा तर असा. ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी तेजस्विनी स्वयंपाकघरात होती. वर्कशॉपमधून फोन आला, कुणीतरी माल परत घेऊन आलं होतं आणि आरडाओरडा करत होतं. बिचारी तशीच धावली. "भाऊजी, बसा तुम्ही, आलेच," म्हणत जिना उतरलीसुद्धा. कुलदीप नेहमीप्रमाणं स्वयंपाकघराच्या दारात, आतल्या बाजूला पाठ करून खुर्चीवर बसला होता. दिग्विजय पलीकडं खिडकीजवळच्या कॉटवर, मोबाइल छातीवर, कॉमेंट्री चाललेली. त्याची दाढी वाढली होती, आज करायला हवी, असा विचार कुलदीप करत होता. आणि आज सांगायचं, असाही.

दिग्विजयनं मान उचलली.

"दूध करपतंय."

"आं?"

"दूध करपतंय रे. गॅस चालू ऱ्हायलाय."

कुलदीपनं मागं वळून बघितलं. स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं. ओट्यावरनं दूध खाली ओघळून वाळलं होतं, पातेलं काळं पडलं होतं. हे काही आत्ताचं नव्हतं, बराच वेळ चाललं असणार. त्यानं धावत जाऊन गॅस बंद केला, खिडकी उघडली. परत दारात आला तेव्हा दिग्विजय उठून बसला होता.

"तू कुठं बसला होतास?"

"इथंच. दारात."

"मग?"

इतक्या वर्षांची सवय. जीभ आपोआप वळली.

"मोबाइलात बघत होतो राव. ध्यानच न्हवतं."

दिग्विजयच्या हातातल्या मोबाइलवर कुणीतरी चौकार मारला होता आणि कॉमेंट्रीवाला ओरडत होता. दिग्विजयनं चाचपडत बटण दाबलं. आवाज बंद झाला.

"तुझा मोबाइल माझ्याकडं हाय, कुलदीप."

कुलदीप दाराची चौकट धरून उभा राहिला.

"वास येत न्हाई तुला?"

"न्हाई."

"कधीपासनं?"

"कोरोनात गेला. परत आलाच न्हाई."

दिग्विजयनं हिशेब केल्यासारखी बोटांची पेरं मोजली. त्याचे ते उघडे डोळे कुलदीपच्या जरा डावीकडं, भिंतीवर लागले होते. तो चिडला असता, शिव्या घातल्या असत्या, हातातला मोबाइल फेकून मारला असता तर कुलदीपनं हात जोडून घेतलं असतं सगळं. पण त्याचा आवाज चढलाच नाही.

"मी म्हणलो होतो तुला," तो म्हणाला. "थिनर म्हणलो होतो."

"व्हय."

"मग नाकाला तीन कशाचे दिलेस रे?"

याचं उत्तर कुलदीपकडं होतं. चारचौघांत आपलं नाव राहावं म्हणून दिले. एवढंच, दुसरं काही नाही. पण ते त्या डोळ्यांसमोर म्हणायला तोंड उघडेना. त्याला रडू फुटलं, आणि दिग्विजयला ते ऐकू येत असणार हे कळूनही त्याला ते थांबवता येईना.

जिन्यात चपला वाजल्या. दूध गॅसवर राहिल्याचं वाटेत आठवून तेजस्विनी अर्ध्यातनंच परत पळत आली होती. दारातच तिनं पदर नाकाला लावला.

"अहो, खालच्या मजल्यापर्यंत वास येतोय. दोन दोन माणसं घरात असून कुणाला कळलं न्हाई?"

"मला कळलं," दिग्विजय म्हणाला. त्यानं मोबाइल कॉटच्या कडेला ठेवला, पांघरूण ओढून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. "बाकीचं कुलदीपला विचार."