जुन्या इंजिनाची लाल दवा

गॅरेज चालवणाऱ्याकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक, कुठल्या मोटारीचे ते न आठवणारे नटबोल्ट. आणि दोन, किस्से. नटबोल्ट मी भंगारवाल्याला देऊन टाकले. किस्से तो घेत नाही, म्हणून तुमच्या गळ्यात मारतोय! ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा. मलाही पूर्वी यायचं. आता सांगताना कान गरम होतात.

आमचं गॅरेज शुक्रवार पेठेत, एकोणीसशे तीसच्या आगेमागे. सोलापुरात कोऱ्या करकरीत मोटारी मोजक्याच. आमच्याकडे यायच्या त्या तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या, मुंबई-पुण्यात उमेदीची वर्षं घालवून आलेल्या. गॅरेजचा मालक मी, मिस्त्री इस्माईलभाई. हात त्यांचे आणि जीभ माझी, अशी कामाची वाटणी होती.

*

रेडिएटर गळायला लागला की त्यात चमचाभर हळद टाकायची, ही त्या काळची युक्ती. हळद भोकात जाऊन बसते आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत गळती थांबते. एक वकीलसाहेब मोहोळला भाच्याच्या लग्नाला निघाले होते. गाडी उभी होती तिथं पाण्याचं थारोळं. इस्माईलभाई म्हणाले, "एक चमचा बस."

"चमच्यानं काय होतंय?" असं म्हणून मी डबाच उपडा केला!

मोहोळच्या अलीकडे रेडिएटर तुंबला, पाणी उकळलं. ड्रायव्हरनं लांबूनच फडकं टाकून झाकण उघडलं आणि पिवळंधमक कारंजं उडालं ते नेमकं वकीलसाहेबांच्या पांढऱ्या कोटावर. ते तसेच मांडवात गेले. दुसऱ्या दिवशी गॅरेजात येऊन म्हणाले, "नवरामुलगा राहिला बाजूला, हळद मला लागली! आता बायकोला काय सांगू, ते तुम्हीच लिहून द्या!"

सगळे हसले. मीही हसलो आणि वर म्हणालो, "आमच्या मिस्त्रींचा हात जरा सैल आहे, साहेब." इस्माईलभाई पलीकडेच चाक खोलत बसले होते. त्यांनी ऐकलं आणि पान्याला आणखी एक पीळ दिला.

*

मग मला टॉनिकची कल्पना सुचली. माणसाला टॉनिक मिळतं, तर इंजिनाला का नको? एरंडेल घ्यायचं, त्यात थोडा कापूर विरघळवायचा आणि ते इंजिनाच्या तेलात ओतायचं. एरंडेल तसं इंजिनाला वाईट नाही. दाट असतं, झिजलेल्या भागाला धरून राहतं, खडखड दबते. पण खडखड दबली म्हणजे झीज भरून आली असं नव्हे, हे मला चांगलं ठाऊक होतं.

एरंडेल तर घरोघरी असतं, मग बाटली खपणार कशी? रंग पाहिजे! मी पेठेतल्या मल्लय्या रंगाऱ्याकडे गेलो. साड्यांचं सूत रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांच्याकडून लाल रंगाची पुडी आणली, बाटलीत घातली, हलवली. रंग सगळा तळाशी जाऊन बसला. बाटली घेऊन परत गेलो.

मल्लय्या पोट धरून हसले. "अय्यो, हा सुताचा रंग! तेलाला धरत नाय. लोकांना फशिवायचं असल तर रतनजोतची मुळी घाला की, तिचा लाल रंग तेलाला धरतो!"

मी कपाळाला आठ्या घातल्या आणि तिथून थेट रतनजोत आणायला गेलो.

*

पेठेतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची गाडी आमच्याकडे असायची. त्यांच्यापुढे मी लाल बाटली ठेवली.

"कोणत्या रोगावर?"

"म्हातारपणावर, डॉक्टरसाहेब!"

"मग गाडीला कशाला? आधी मलाच द्या!" असं म्हणून त्यांनी बूच काढून वास घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, हे एरंडेल आहे. मीही हेच देतो. फक्त रंग घालत नाही."

बाटली परत देताना त्यांनी बूच नीट लावून दिलं. मला वाटतं, त्यांनी ती फेकून मारली असती तर बरं झालं असतं.

*

तरी बाटल्या खपत राहिल्या. मोटारवाले हौसेनं न्यायचे. एकदा चार-पाच गिऱ्हाईकं जमलेली. "दर शनिवारी अर्धी बाटली, इंजिन बारा वर्षांचं पोर होऊन पळतं!" असं माझं कीर्तन रंगात आलेलं. इस्माईलभाई गाडीखाली आडवे होते. तिथून आवाज आला, "मालक, अपनी गाडी में कायकू नै डालते?"

गिऱ्हाईकांच्या माना गाडीकडे वळल्या.

"आपली गाडी निरोगी आहे," मी म्हणालो. गिऱ्हाईकं हसली, वेळ निभावली. त्या दिवशी इस्माईलभाईंनी माझ्याबरोबर चहा घेतला नाही. मीही विचारलं नाही.

*

अशातच नातेपुत्याकडचा धोंडिबा आला. धनगर माणूस, खांद्यावर घोंगडी. दोन मेंढरं घरी ठेवून बाकीचा कळप विकला होता आणि त्याला सर्व्हिस मोटार घ्यायची होती. भाचा मोटार हाकायला शिकलेला. उतारू नेऊन घर चालवायचं, असा बेत.

आमच्याकडे एक जुनी मोटार विकायची होती. तिची बेअरिंगं पार गेलेली. चालू केली की डब्यात दगड घालून हलवल्यासारखी वाजायची. इस्माईलभाई म्हणाले, "ये गाडी नक्को देव मालक. गरीब आदमी है." मी त्यांना जरा लवकरच नमाजाला जाऊ दिलं. ते गेल्यावर इंजिनातलं तेल काढून टाकलं आणि गळ्यापर्यंत लाल दवा ओतली.

धोंडिबासमोर मोटार चालू केली. मेंढीच्या कुशीला लावावा तसा त्यानं बोनेटला कान लावला, डोळे मिटले.

"लई गुनाची हाय," तो म्हणाला. "आवाज न्हाय, काय न्हाय."

मी त्याला तीन बाटल्या वर फुकट दिल्या. दर शनिवारी घाल म्हणून बजावलं. जाताना त्यानं मोटारीच्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावला. आमच्या गॅरेजात इतक्या भरवशानं कुणी कधी काही घेतलं नव्हतं. मला तेव्हाच त्याला हाक मारता आली असती. मारली नाही.

*

महिन्याभरानं धोंडिबा परत आला, एकटा. मोटार मोहोळला पडली होती. इंजिन आतून तुटून त्याला भगदाड पडलेलं. उतारू शिव्या घालून दुसऱ्या सर्व्हिसनं गेले होते. इस्माईलभाई हातातला पाना घेऊन तसेच उभे राहिले.

मी तीन उत्तरं तयार ठेवली होती. रस्ता खराब, भाचा नवशिका, तेल भेसळीचं. एकाचीही गरज पडली नाही.

"मालक, रागावू नगा," धोंडिबा म्हणाला. त्याची मान खाली होती. "चूक माजी हाय. तुमी सांगितलं व्हतं, दर शनवारी दवा घालायची. ह्या शनवारी मी न्हाय घातली."

"का?"

"घरी दोन मेंढरं ठिवलीत की. त्यातलं एक पोट फुगून पडलं. हाताशी दुसरं काय न्हाय. म्हनलं, दवाच हाय, मोटारीला गुन येतो तर ह्येला बी यील. राहिलेली सगळी बाटली त्येला पाजली." त्यानं घोंगडीच्या टोकानं तोंड पुसलं. "मेंढरू उठलं, मालक. अन् मोटार बसली."

इस्माईलभाई माझ्याकडे बघत होते.

"असं करू नये, धोंडिबा," मी म्हणालो. "मोटारीची दवा जनावराला द्यायची नसते."

"व्हय मालक," तो म्हणाला. "पुन्यांदा न्हाय देनार." आणि वाकून त्यानं माझ्या पायांना हात लावला.