फडफडीला घाबरणारी स्पॅनियल

पारवा माझ्या पायाजवळून उडाला आणि हातातली दोरी सळकन निसटली. शेजाऱ्यांची स्प्रिंगर स्पॅनियल जातीची कुत्री, काळी-पांढरी, जेमतेम दीड वर्षांची, शेपूट पोटाखाली घालून कुरणातून अशी सुटली की दगडी कुंपणाच्या फटीतून पार होईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही. मी वेलिंग्टन बूट घालून धापा टाकत तिच्यामागे. अर्ध्या तासाने ती तिच्या मालकांच्या व्हॅनखाली सापडली. थरथर कापत होती.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सपासून दहा-बारा मैलांवर एका गावात राहायचो. मी हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर. नवऱ्याला त्या वर्षी साउथहॅम्प्टनला पोस्ट मिळालेली, पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. मी एकटी पडू नये म्हणून बाबा साताऱ्याहून राहायला आले होते. शेजारचे गृहस्थ बाबांच्याच वयाचे. सारा जन्म दगडाच्या खाणीत गेलेला, बायको वारलेली, परसात कबुतरांचं खुराडं, आणि हिवाळ्यात शनिवारी कुत्रं घेऊन शिकारीला जायचं एवढा एकच शौक. त्या वसंतात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून तिला फिरवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं.

स्पॅनियलचं काम म्हणजे झुडपात घुसून पक्षी उठवायचा, तो उडाला की जागीच बसायचं, आणि गोळी लागून पडला की अलगद तोंडात धरून आणून द्यायचा. पक्ष्याला घाबरणारी स्पॅनियल म्हणजे पाण्याला घाबरणारा कोळी. मी घडलेलं सांगितल्यावर शेजाऱ्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ते तिकडच्या बोलीत म्हणाले, जाऊ दे, लव्ह, माझी भाची हॅरोला राहते, तिला देऊन टाकतो, सोफ्यावर सुखात लोळेल. मी घरी येऊन बाबांना हे सांगितलं तर ते नुसतं हं म्हणाले आणि खिडकीतून तिच्याकडे बघत बसले.

बाबा पशुसंवर्धन खात्यात होते. तीस वर्षं गावोगाव हिंडून बायकांना कोंबड्या पाळायला शिकवल्या. कुत्र्यांचं त्यांना काही कळत नव्हतं, पण पक्ष्यांचं सगळं कळत होतं. तीन-चार दिवस ते कुंपणापाशी खुर्ची टाकून तिला न्याहाळत होते. रविवारी मी दोरीवर वाळलेली चादर झटकली आणि पलीकडच्या अंगणातली ती एकदम उठून घरात पळाली. बाबा खुर्चीतून ताडकन उभे राहिले.

"अगं, तिला पक्ष्याची भीती नाहीच. मघाशी चिमणीएवढा रॉबिन तिच्या नाकासमोर नाचत होता, तिने ढुंकून पाहिलं नाही. तिला फडफडीची भीती आहे."

मी हातातली चादर तशीच टाकली आणि शेजाऱ्यांकडे धावले.

त्यांना पटायला वेळ लागला. एका कोंबडीवाल्याने स्पॅनियलबद्दल आपल्याला सांगावं, हे त्यांना जरा जडच गेलं असावं. पण हॅरोला फोन करायचा त्यांनी पुढे ढकलला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो. मी ड्यूटीवरून आले की कपडे बदलून थेट कुरणात. जूनमध्ये तिथे दहा वाजेपर्यंत उजेड असतो. शेजारी स्टुलावर बसून सूचना द्यायचे, मी दोरी धरायची, आणि बाबा लांब, पन्नास पावलांवर, वर्तमानपत्र घेऊन उभे. बाबांनी पेपर हलवला की मी तिच्यासमोर उकडलेल्या लिव्हरचा तुकडा धरायचा. पहिल्या दिवशी तिने तुकड्याकडे पाहिलंही नाही. चौथ्या दिवशी खाल्ला. मग बाबा रोज दोन-दोन पावलं पुढे. पेपर जाऊन चादर आली, चादर जाऊन उघडमीट करायची छत्री आली. तिसऱ्या आठवड्यात फडफड झाली की ती पळायच्या ऐवजी माझ्या खिशाकडे बघायला लागली. त्या संध्याकाळी मी इतकी खूश होते की घरी येऊन भाताला फोडणी द्यायचीच विसरले.

मग भुसा भरलेल्या कॅनव्हासच्या डमीला कबुतराचे पंख बांधले. तो डमी तिने तोंडात धरला, टाकला, पुन्हा धरला आणि आणून दिला. पण जिवंत पक्ष्याचं काय? शेजारी म्हणाले, इथेच घोडं अडणार. जिवंत पक्षी गप्प बसत नाही. पहिल्याच वेळी तोंडावर फडफडला तर महिन्याची मेहनत पाण्यात.

बाबांनी मला सांगितलं, त्यांना म्हणावं एक कबूतर द्या. खुराड्यातून एक करडं कबूतर आलं. बाबांनी त्याचं डोकं त्याच्याच पंखाखाली खुपसलं, दोन्ही हातांत धरून पाळण्यासारखं हळूहळू झुलवलं आणि गवतावर ठेवलं. कबूतर निजलं. हलेना. दिवसभर माणसांना भूल देणारी मी, डोळे फाडून बघत राहिले.

शेजारी खो खो हसायला लागले. काठी टेकत खुराड्यात गेले, दुसरं कबूतर आणलं, आणि तेच सगळं, अगदी तसंच, त्यांनीही केलं. ही युक्ती त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवली होती. बाबांना ती कोरेगावच्या एका म्हाताऱ्या बाईने. गवतावर दोन कबुतरं शेजारी शेजारी झोपलेली आणि दोन म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसतायत. भाषांतर करायला मला कोणी सांगितलं नाही.

हसू ओसरल्यावर शेजारी कबुतरांकडे बघत बोलायला लागले. ती सहा महिन्यांची असताना त्यांनीच तिच्यासमोर एक जखमी फेझंट टाकला होता. फेझंट म्हणजे कोंबड्याएवढा, लांब शेपटीचा रानपक्षी. लवकर तयार व्हावी म्हणून घाई केली. त्या नर पक्ष्याने पंखांनी आणि नखांनी तिचं तोंड फोडून काढलं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"चूक तिची नव्हती. माझी होती," ते म्हणाले.

मी ते मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यांना सांग, चूक कळलेला मालक मिळाला, हे तिचं नशीब."

मग शेजाऱ्यांनी आपलं कबूतर उचलून खुराड्यात ठेवलं आणि मी तिला सोडलं. वाऱ्याच्या दिशेने ती वास घेत, नाक जमिनीला लावत झोपलेल्या कबुतराकडे गेली. एक पाऊल, थांब, एक पाऊल. नाक पिसांना लागलं. शेपूट हलली. आणि कबूतर जागं झालं. पंखांचा फाडकन आवाज, ते तिच्या डोक्यावरून खुराड्याकडे उडालं आणि ती उलटी फिरून पळाली. चार ढांगा. पाचवी नाही. ती थांबली, वळली आणि आकाशात बघायला लागली. मी शिट्टी फुंकली, तशी ती बसली. मान उंचावून, जीभ बाहेर काढून, उडणाऱ्या पक्ष्याकडे बघत बसली. माझ्या तोंडातून आनंदाची आरोळीच निघाली असती, पण शेजाऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी आम्ही तिघे तिला घेऊन शिकारीला गेलो. बाबांना पक्षी मारणं फारसं रुचत नव्हतं. पण शेजाऱ्यांनी माझ्यामार्फत त्यांना समजावलं होतं, की कुत्रं चांगलं असेल तर जखमी पक्षी झुडपात तडफडत पडत नाही. ते मात्र बाबांना पटलं. शेजाऱ्यांचा मेणकापडाचा कोट घालून ते हाकाऱ्यांच्या ओळीत, हातात काठी घेऊन चालत होते. गुडघाभर चिखल, वाळून तांबूस झालेलं ब्रॅकनचं, म्हणजे कमरेएवढ्या नेच्यांचं रान आणि पाऊस.

ती ब्रॅकनमध्ये शिरली. फक्त शेपटीचं टोक दिसत होतं, ते जोरात हलायला लागलं, आणि तिच्या नाकाखालून नर फेझंट उठला. मोटरसायकल सुरू व्हावी तसा आवाज. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती जागच्या जागी बसलेली होती. दोन बार झाले, पक्षी ओढ्यापलीकडे पडला. शेजाऱ्यांनी हळूच तिला हाक मारून हात पुढे केला. ती ओढ्यात उडी मारून दिसेनाशी झाली.

खूप वेळ झाला, असं मला वाटलं. मग ती पलीकडच्या काठावर आली. पक्षी अजून जिवंत होता, त्याचा एक मोकळा पंख तिच्या तोंडावर फडाफडा आपटत होता. तिने पक्षी खाली ठेवला. शेजाऱ्यांनी शिट्टी वाजवली नाही. तिने मान हलवून डोळ्यांतलं पाणी झटकलं, पक्ष्याला पाठीवरून नीट धरलं, या खेपेला पंखासकट, आणि ओढा ओलांडून सरळ आमच्याकडे आली.

शेजाऱ्यांनी पक्षी घेऊन एका झटक्यात त्याची मान मुरगळली, मग चिखलात गुडघे टेकून तिला जवळ घेतलं. नवा गुडघा जमिनीला टेकायला डॉक्टरांनी मनाई केली होती, पण मी तेव्हा डॉक्टर नव्हते. मी आणि बाबा हातात हात धरून अक्षरशः उड्या मारत होतो, आणि ओळीतले बाकीचे लोक आमच्याकडे बघत होते.

व्हॅनमध्ये ती ओलीचिंब, बाबांच्या पायांवर डोकं ठेवून घोरत होती. बाबांनी विचारलं, पुढच्या शनिवारी कुठे जायचं आहे? मी म्हटलं, बाबा, बुधवारी तुमचं विमान आहे.

"मग उद्या एअरलाइनला फोन कर," ते म्हणाले.