लालीबाईचा निरोप

ढाणकीच्या बाजारात राजदीपचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकान कसलं, खुराडंच. पण मालकाचा तोरा मोठा. कापसानं पाठोपाठ दगा दिला, ती वर्षं. बंजाऱ्यांचे तांडेच्या तांडे ऊसतोडीला गेले आणि मागं म्हातारी माणसं उरली. तांड्यावर मोबाइलला रेंज नव्हती. राजदीपनं मग स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. म्हातारी मंडळी दुकानात येऊन माइकवर बोलायची, आणि तो आवाज फोनच्या तारेवरून साखर कारखान्याजवळ धनसिंगच्या दुकानी जायचा. तिथं त्यांची लेकरं तो ऐकायची. कॉम्प्युटरमध्ये जागा थोडी, म्हणून पाठवून झालं की प्रोग्राम इकडची फाइल पुसून टाकायचा.

लालीबाई आली ती थंडीत, काठी टेकत. खोकल्यानं पार खंगली होती. लेक हंसाबाईसाठी ती गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, भरभरून बोलली. एवढा लांब निरोप आजवर कुणी दिला नव्हता.

काही दिवसांनी धनसिंगचा फोन आला, की आवाज तुटतो, वाक्यंच्या वाक्यं गायब आहेत. राजदीपनं आधी तारेला शिव्या घातल्या. नाचता येईना, अंगण वाकडं! मग प्रोग्राम उघडला आणि त्याचा चेहराच उतरला. आवाजाचा एकेक तुकडा तो बफरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या टोपल्यात, भरून तारेकडं द्यायचा. तार संथ असली की थोडंच घ्यायची, आणि किती घेतलं ते सांगायचीही. राजदीप ते बघतच नव्हता. उरलेल्यावरच पुढचा तुकडा ओतायचा, आणि उरलेलं पुसलं जायचं. छोटे निरोप एका दमात जायचे, म्हणून तोवर निभावलं होतं.

त्यानं चूक सुधारली. तारेनं घेतलं तेवढं वजा करायचं, उरलेलं पुन्हा द्यायचं, टोपलं रिकामं झाल्यावरच पुढचं भरायचं. मग लालीबाईला पुन्हा बोलतं करावं म्हणून सायकलनं तांड्यावर गेला. तिथं तिची माती नुकतीच झाली होती.

हंसाबाई गावी आली आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर झाली. "भाऊ, तिकडं तुटकं तुटकं ऐकू आलं. याडीचं, माह्या मायचं, सगळं बोलनं तुमच्यापाशी असन ना? मले ऐकवा."

खोटं बोलणं राजदीपच्या जिवावर आलं. आवाज पाठवला तेव्हाच इथला पुसला गेला, चूक माझीच, असं त्यानं सांगून टाकलं. हंसाबाईनं आरडाओरडा केला नाही. ती खाली मान घालून जायला उठली. हिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, असं राजदीपला वाटलं.

"ताई," तो म्हणाला, "बोलता बोलता त्या हासल्या होत्या. मी इथंच बसलो होतो."

हंसाबाईनं झटकन मान वर केली. "हासली? याडी हासली? कायले हासली, भाऊ? काय आठवलं तिले?"

"मले तुमची बोली येत नाही, ताई," राजदीप म्हणाला.