सित्की उस्ताच्या चहाघरात वाचलेला लेख

माझा भाऊ सित्की बोलत नाही, असं अख्खं कोझान गाव म्हणतं. नवं गिऱ्हाईक तर मला बाजूला घेऊन विचारतं, बाई, हा मुका आहे का? मुका कसला, चहावाला आहे. आमचा बाप त्याला सांगून गेला होता की चहावाल्याला पक्ष नसतो, आणि त्यानं ते दगडावरच्या रेघेसारखं धरून ठेवलं. सत्तरच्या दशकात उजवे आणि डावे गल्लीगल्लीत एकमेकांची डोकी फोडत होते, तेव्हा हा दोघांनाही सारखाच चहा देत राहिला. एक दात उजव्यांनी पाडला, एक डाव्यांनी. हिशेब बरोबर झाला, असं मी म्हटलं तर नुसता हसला.

मी फिरदेव्स, त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून चहाघराच्या भिंतीला लागून माझी चूल आहे, पातळ रोट्या भाजून विकते. मधे कंबरेएवढी भिंत, वर द्राक्षाचा वेल आणि पलीकडं गिऱ्हाइकांनी बसायची चहाघराची बाग. तिकडं कुणी खाकरलं तरी मला ऐकू येतं. त्यामुळे मला कुणी राजकारण शिकवायला येऊ नये, रोज सकाळी फुकट ऐकते.

पेपर मोठ्यानं वाचायचे मुहलिस बे; बे म्हणजे आमच्याकडचं रावसाहेब. महसूल कचेरीतून निवृत्त झालेले, आवाज भरदार, कपडे उन्हाळ्यातही बटणबंद. तीन पेपर यायचे. बातम्या ज्याच्या त्यानं वाचाव्यात, पण सदरं मात्र मुहलिस बे मोठ्यानं वाचणार आणि लेख संपेपर्यंत कुणी मधे तोंड घालायचं नाही, असा तिथला रिवाज. चमचासुद्धा वाजवायचा नाही. लेख संपला की मग ज्यानं त्यानं आपली अक्कल पाजळायची. सित्की तेवढ्यात रिकामे ग्लास उचलून घ्यायचा.

दोन हजार तीन सालच्या मार्चमध्ये फारच पेटलं होतं. इराकवर चाल करायला अमेरिकेला आमच्या भूमीतून फौज न्यायची होती. संसदेनं नाही म्हटलं. एका पेपरनं लिहिलं, शाब्बास, मान राखली. दुसऱ्यानं लिहिलं, आता डॉलर विसरा. आणि तिसऱ्या पेपरात तो इस्तंबूलचा सदर लिहिणारा, ज्याचा पाइप तोंडात धरलेला फोटो लेखाच्या डोक्यावर असतो, त्यानं लिहिलं की संसदेत अडाणी बसलेत. पन्नास वर्षांच्या दोस्ताला दारातून परत पाठवलं, आता दोस्त रागावला तर रडू नका. माझ्या हातातली रोटी करपली ते ऐकून. आमचा काका याच दोस्तासाठी कोरियात लढायला गेला, तिथंच पुरला. त्याच्या थडग्यावर मूठभर माती टाकायला घरातलं कुणी जाऊ शकलं नाही. पन्नास वर्षांत एकदा नाही म्हटलं तर लगेच आपण कृतघ्न? गरज सरो, वैद्य मरो!

मग जुलै आला. गावातली निम्मी माणसं उकाड्याला कंटाळून वर डोंगरातल्या थंड कुरणांवर गेली होती. तेव्हा ती बातमी आली. उत्तर इराकमध्ये सुलेमानियेत आपले सैनिक होते, त्यांच्या ठाण्यात अमेरिकी शिरले, हात बांधले, डोक्यांवर पोती चढवली आणि घेऊन गेले. दोस्तांनी. तीन दिवसांनी सोडलं. माफी नाही, म्हणे खेद वाटतो. जळ्ळा मेला तो खेद.

आमच्या पेपरांना तर उत्सवच. रोज पहिल्या पानावर पोतं. एक लिहायचा, दोस्ती संपली, दूतावासाला टाळं लावा. दुसरा लिहायचा, डोकं थंड ठेवा, रागानं देश चालत नाहीत. मुहलिस बे दोन्ही सारख्याच ठसक्यात वाचायचे. ऐकणारे दोन्हींना माना डोलवायचे.

महिना संपत आला तेव्हा सित्कीचा मुलगा तुर्गाय सुट्टीवर आला. सैन्यात आहे. त्याची आई नादिदे तो शाळेत असतानाच गेली, मग माझ्याच हातचं खाऊन वाढला. एरवी आला की आधी माझ्या चुलीशी येऊन गरम रोटी पळवणार, आत्या, तुझ्या रोट्या बुटाच्या तळव्यासारख्या झाल्यात म्हणणार. या वेळी मागच्या दारानं आला. दुसऱ्या दिवशी न्याहारीला आम्ही तिघंच होतो. चीज आणि टोमॅटो तसंच ठेवून तो म्हणाला, "बाबा, मी त्यांच्यात होतो."

सित्कीनं ग्लास खाली ठेवला.

तुर्गायनं थोडक्यात सांगितलं. ओळखीचीच माणसं दारात आली, त्यांना वाटलं चहाला आलीत. चहा टाकलाही होता. मग बंदुका दिसल्या. वरून हुकूम आला, गोळी चालवू नका. नाही चालवली. एवढं सांगून तो म्हणाला, कुणाला कळता कामा नये. मारलं तरी चालेल, पण गावातल्या माणसांच्या डोळ्यांत ते बघायची माझ्यात ताकद नाही. आम्ही दोघांनी शब्द दिला.

त्यानंतर तो दिवसभर चहाघराच्या मागच्या खोलीत पडद्याआड ग्लास विसळत बसायचा. स्वच्छ ग्लाससुद्धा पुन्हा विसळायचा. कुणी विचारलं तर मी सांगायची, थकलाय, ऊन लागलंय. जळत होते मी आतून. घरात शिरून पोरांना बांधणारे ते, आणि तोंड लपवायचं आमच्या पोरानं?

शुक्रवारी नमाजाच्या आधी बाग भरली होती. मुहलिस बेंनी पेपर उघडला, चष्मा पुसला आणि म्हणाले, आज पाइपवाल्यानं कमाल केलीय. ज्या तोंडानं मार्चमध्ये दोस्ताला वाट द्या म्हणून सांगितलं, त्याच तोंडानं आता तो इभ्रतीवर बोलत होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मुहलिस बे रंगात येऊन वाचत होते, आणि एका वाक्याशी थांबून त्यांनी ते पुन्हा वाचलं, सगळ्यांना नीट ऐकू जावं म्हणून:

"ज्याच्या डोक्यावर पोतं चढलं आणि जो तरीही जिवंत परत आला, त्या सैनिकानं आपल्या आईला तोंड कसं दाखवावं?"

लेख संपला. माणसं बोलत सुटली. कुणी म्हणालं, खरं आहे, निदान एक तरी गोळी झाडायची. कुणी म्हणालं, आमच्या काळचे सैनिक असते तर मेले असते, पण वाकले नसते. आमच्या काळचे म्हणणाऱ्याची सैन्यातली सगळी नोकरी पलटणीच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलण्यात गेली होती, मला ठाऊक आहे. आणि टायरवाला जेव्हेर चमचा हलवत म्हणाला, "माझा मुलगा असता ना, तर घरात घेतला नसता."

पडद्याआडचा ग्लासांचा आवाज थांबला.

मी सित्कीकडे बघितलं. त्यानं तबक जवळच्या टेबलावर ठेवलं, अगदी सावकाश. मग भिंत ओलांडून माझ्याकडे आला. पिठाचं एक रिकामं पोतं मी झटकून भिंतीवर टाकलं होतं, ते त्यानं उचललं. काय करतोस, असं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, ते अल्ला जाणे. मला विचारायचंच नव्हतं.

तो मुहलिस बेंच्या मागे गेला आणि पोतं त्यांच्या डोक्यावरून खाली ओढलं, पार खांद्यांपर्यंत. हातातला पेपर तसाच हातात राहिला.

"वाचा आता, मुहलिस बे," तो म्हणाला. "तेच वाक्य वाचा."

कुणी जागचं हललं नाही. पोत्याच्या आतून आधी खोकला आला, मग कुत्रं धापा टाकतं तसला आवाज. मुहलिस बेंचे हात हवेत चाचपडायला लागले. सित्कीच्या मुठी पोत्यावरून सुटत नव्हत्या. तो रडत होता, पण तोंडावर राग तसाच होता.

पडदा सरकवून तुर्गाय बाहेर आला. हात साबणानं भरलेले. त्यानं बापाची एकेक मूठ सोडवली, मुहलिस बेंच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि पोत्याला हात लावण्याआधी त्यांच्याशी बोलला, लहान मुलाशी बोलावं तसं.

"घाबरू नका, काका. डोळे मिटून घ्या. नाकानं नाही, तोंडानं श्वास घ्या, हळूहळू. सुरुवातीलाच गुदमरतं. मग येतो श्वास."

मग त्यानं हळूच पोतं वर काढलं. मुहलिस बेंच्या भुवया आणि मिशा पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. तुर्गायनं ओल्या हातानं त्या पुसल्या. मुहलिस बे त्याच्याकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांना कळलं. मग शेजारच्याला कळलं. मग सगळ्या बागेला.

"बाबा," तुर्गाय म्हणाला, "शब्द दिला होता तुम्ही."

सित्कीनं डोळे पुसले आणि जेव्हेरकडे वळला.

"हा माझा मुलगा आहे," तो म्हणाला. "मी घरात घेतलाय. तू ऊठ."

जेव्हेरचा चहा अर्धा राहिला होता. तो उठला.