माणिकराव सरांचं दुसरं महायुद्ध

माणिकराव सरांनी आमच्या शाळेत सत्तावीस वर्षं इतिहास शिकवला आणि त्यांच्या हातून दुसरं महायुद्ध यंदापर्यंत एकदाही संपलं नाही.

कामचुकार माणूस नव्हता. उलट होतं. सरांचा एक नियम होता: वर्गातलं एक पोर जरी गैरहजर असेल तरी पुढचं शिकवायचं नाही. ते पोर परत आलं की धडा पहिल्यापासून. मी आदिलाबादच्या कापूस मार्केटात जन्मभर हमाली केली. तिथंही असंच असतं. खालची गाठ वाकडी बसली तर वरच्या सगळ्या उतरवायच्या. त्यामुळं मला सरांचं वागणं कधी विचित्र वाटलं नाही.

अडचण कापसाची होती. दहावीचा हा धडा यायचा दिवाळीनंतर, आणि दिवाळीनंतर जैनथच्या या पट्ट्यात कापूस फुटतो. पोरं वेचणीला जायची. आज हा, उद्या ती. सर हजेरी घ्यायचे, एखाद्या नावाला उत्तर आलं नाही की मुकाट्यानं खडू उचलून फळ्यावर लिहायचे: पोलंड. युद्ध तिथूनच सुरू.

पोलंड म्हणजे जैनथ, दोन्हीकडून रस्ता. व्होल्गा म्हणजे पैनगंगा, पण पुरातली. प्रत्येक गोष्टीला सरांकडं इथलं उदाहरण होतं. फार जोर लावला तर जर्मनांचं सैन्य व्होल्गेच्या काठी स्टालिनग्राडला पोचायचं. तेवढ्यात वरून आदेश यायचा, नवीन शिकवणं बंद, परीक्षेची उजळणी घ्या. युद्ध तिथंच थांबायचं.

पोरं गाईड वाचून पास व्हायची. पण गाईडातलं गावात कोणी धरत नव्हतं. सरांनी शिकवलं नाही म्हणजे झालं नाही. शाळा सोडून पोरंबाळं झालेली माणसंसुद्धा बसथांब्यावर बसून वाद घालायची की आता जर्मनी नदी ओलांडते की नाही.

सगळ्यात पक्का होता चंपतराव. सरांच्या पहिल्या वर्गातला. नाल्याकाठी भाजीपाला पिकवतो. हिटलर हलकट माणूस, हे त्यालाही मान्य. पण शाळा सुटली त्या वर्षी चार माणसांत तो बोलून बसला होता की जर्मनी नदी ओलांडणार. बोललेलं फिरवायचं नाही, एवढाच त्याचा मुद्दा. एकदा एका पोरानं मोबाईल काढून दाखवला, की काका, हे पाहा, जर्मनी हरली.

"मोबाईलात काय," चंपतराव म्हणाला, "मागच्या साली मोबाईलात मीबी मेलो होतो. फोटोले हार घातला होता लेकाहो."

हे खरं होतं. गावच्या ग्रुपवर चुकून तसं आलं होतं.

यंदा जानेवारीअखेर सर रिटायर होणार होते. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बयनाबाईनं गावात सांगितलं, "सरांले काही नको. शाल नको, नारळ नको. एकदा युद्ध संपवून जायाचं म्हन्तेत."

गावानं ठरवलं, यंदा दहावीचं एकही पोर वेचणीला जाणार नाही. म्हातारे गेले. मीही कमरेला कापसाची ओटी बांधून गेलो. हमाली उचलण्याचं काम आहे, वेचणी वाकण्याचं. वाकणं जास्त कठीण. पण कापूस निघाला आणि हजेरी पुरी भरली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जर्मन सैन्य व्होल्गेवर आलं, आणि पुढं जाण्यात कसलाच अडथळा नव्हता.

शेवटच्या दिवशी सकाळी मी शाळेच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आणखीही माणसं होती. सरांनी हजेरी घेतली. चंपतरावच्या पूनमचं नाव आलं. उत्तर नाही. पुन्हा पुकारलं. नाही. सर फळ्याकडं वळले.

"सर, पोलंड लिहू नका!" बयनाबाई खिडकीतून ओरडली.

'पो' लिहून झालं होतं.

"बिमार नाही ती," बयनाबाई म्हणाली. "तिच्या बापानं ठेवून घेतली. आज जर्मनी हरते ना, म्हनून. वांगे तोडाले लावली."

सरांना सोपा मार्ग होता. एका दिवसापुरता नियम मोडायचा. कोणी काही म्हणालं नसतं. त्यांनी 'पो' पुसला आणि वर्गाला म्हणाले, "फळा उचला."

चौघांनी फळा उचलला. सर पुढं, वर्ग मागं, आम्ही त्यांच्या मागं. तुरीच्या कडेकडेनं फळा येताना पाहून चंपतराव बांधावर आला.

"सर, हे काय करून राह्यले तुमी?"

"हजेरी घ्यायची आहे."

"माह्या वावरात?"

सरांनी सगळी नावं पहिल्यापासून घेतली. पूनमचं आलं तेव्हा वांग्याच्या ओळीतून आवाज आला, "हजर, सर." ती ताठ उभी राहिली नाही. बाप बघत होता.

फळा बांधाला टेकवला आणि सरांनी सुरू केलं. चंपतरावनं जाऊन पाण्याची मोटर चालू केली. आवाज असा की शेजारच्या माणसाचं ऐकू येईना. सरांनी आवाज चढवला. सत्तावीस वर्षं वर्ग घेतलेला गळा. मोटर आणि सर सारखे चालले. ओळींतून पाणी वाहू लागलं, पोरांचे पाय चिखलात गेले, कोणी हललं नाही.

"आणि मग," सर ओरडले, "रशियानं त्यांना दोन्ही बाजूंनी घेरलं!"

मोटर बंद झाली.

"दोन्ही बाजूनं कसं काय?" चंपतराव म्हणाला. "बाजूले माणसं ठेवले नव्हते?"

"ठेवले होते. दुसऱ्या देशांचे. थोडे होते, त्यांच्याकडं हत्यारं जुनी."

"अन् खायाचं?"

"विमानानं पाठवू म्हणाले. पुरेसं पोचलं नाही."

"थंडी किती?"

"आपल्याकडं खोबरेल गोठतं. तिथं गाड्यांतलं तेल गोठत होतं."

"मंग कांबळी?"

"सगळ्यांना मिळाली नाहीत."

चंपतरावचा चेहरा लाल झाला. "म्हंजे कांबळी नाही, भाकर नाही, बाजूले भरोशाचा माणूस नाही, अन् चालले नदी ओलांडाले! असं काम असते काय? अन् मी याह्यच्यासाठी सत्तावीस वर्षं भांडून राह्यलो!"

"मंग काय म्हन्नं हाय तुमचं आता?" बयनाबाईनं विचारलं.

"हरू द्या," चंपतराव म्हणाला. "हरूच द्या त्याहिले. पूनम, इकडं समोर येऊन बस. सर, घ्या तुमी पुढं."

पुढचं भरभर झालं. जर्मन मागं हटत गेले. बर्लिनला रशियाचं सैन्य शिरलं तेव्हा शाळेचा शिपाई संतोष सायकल हाणत आला. मंडलचे शिक्षणसाहेब आले होते, हारतुरे आले होते, खुर्च्या मांडल्या होत्या, आणि शाळेत माणूस नव्हता.

"सर, चला. मोठ्या मॅडम चिडल्या."

"थांब," सर म्हणाले. "जपान राहिलंय."

संतोषनं सायकल तुरीला टेकवली. सरांनी दोन शहरांची नावं फळ्यावर लिहिली. एकेक बॉम्ब, एवढं सांगितलं, आणि किती माणसं. या दोन शहरांना त्यांनी आपल्याकडचं उदाहरण दिलं नाही. पोरं चिखलात उभी होती. चंपतरावनं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

मग सरांनी खडू खिशात टाकला. "संपलं," ते म्हणाले, आणि बांधावर बसले. बसून शिकवणारा माणूस नव्हे तो.

संतोषचा फोन वाजला. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तेलुगूत ओरडत होत्या, आम्हाला उभ्या जागी ऐकू येत होतं.

"अयिपोयिंदि, मॅडम," संतोष म्हणाला. संपलं.

काय संपलं, असं तिकडून विचारलं असावं. संतोषनं सरांकडं पाहिलं, फळ्याकडं पाहिलं.

"युद्धम्, मॅडम," तो म्हणाला. "आत्ताच."